केवळ विश्वास: पौल, याकोब आणि पंडिता रमाबाई

मनुष्याचे तारण केवळ विश्वासाने होते, की त्या विश्वासाला सत्कर्मांची जोड द्यावी लागते, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात जितक्या कळकळीने विचारला गेला आणि त्याच्यावरून जितक्या धर्मसभा भरल्या, जितकी बहिष्काराची फर्माने निघाली व जितके मुलूख दुभंगले, तितके दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावरून क्वचितच घडले असेल. आमच्या पनवेलीत रविवारी सकाळी नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे या वसाहतींतून प्रार्थनेसाठी निघणारी कुटुंबे पाहिली, तर त्यांत कोणी वसईकडील किंवा गोमंतकातील कॅथॉलिक असतात, कोणी नगर-जालन्याकडून नोकरीच्या निमित्ताने आलेले मराठी प्रॉटेस्टंट असतात, तर कोणी केरळातील प्राचीन सीरियन परंपरेतले असतात. सर्वजण एकाच प्रभूचे नाव घेतात, परंतु वरील प्रश्न त्यांच्या धर्मगुरूंपुढे ठेवला, तर मिळणारी उत्तरे एकाच साच्याची असणार नाहीत. बाहेरच्या माणसाला हा भेद शब्दच्छल वाटतो. मला तो तसा वाटत नाही. कारण मराठी मुलखातच एका स्त्रीच्या आयुष्यात या प्रश्नाचा असा काही उलगडा झालेला आहे, की तो डोळ्यांपुढे ठेवून मूळ ग्रंथांकडे वळल्यास त्यांतील पुष्कळशी गुंतागुंत आपोआप सुटू लागते.

वादाचा उगम समजून घेण्यासाठी मात्र पनवेलकराला फार दूर जावे लागत नाही. येथील बेने इस्राएल या यहुदी समाजाचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील गावोगावी हा समाज तेलाचे घाणे चालवीत असे आणि शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवीत असे, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणून ओळखत. शनिवारी काम न करणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, भक्ष्याभक्ष्याचे नियम कटाक्षाने पाळणे, ही या लोकांनी परक्या मुलखात शतकानुशतके जपलेली व्रते होत. आपण अब्राहामाचे वंशज आहोत आणि अब्राहामाशी परमेश्वराने केलेल्या कराराची ही खूण आहे, ही त्यांमागची श्रद्धा. येशूचे पहिले अनुयायी याच धर्मात जन्मले व वाढले होते. पौल तर या नियमशास्त्राचा कसून अभ्यास केलेला पंडित होता. येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांत जेव्हा यहुदी नसलेले ग्रीक व रोमन लोक येऊ लागले, तेव्हा त्यांनीही सुंता करून घ्यावी काय, शब्बाथ पाळावा काय, हा व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. येशूच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांनी यरुशलेमेत जमलेल्या प्रेषितांपुढे जो वाद आला तो हाच, आणि विश्वास व कर्म या द्वंद्वाचा जन्म याच वादातून झालेला आहे. जन्मतः यहुदी नसलेल्या मजुराला, गुलामाला किंवा विणकराला देवाच्या घरात घ्यायचे झाल्यास प्रथम त्याच्याकडून कोणते विधी वसूल करावेत, असे प्रश्नाचे ते मूळ रूप होते.

पौलाने त्याला दिलेले उत्तर विलक्षण बुद्धिमत्तेचे आहे. त्याने अब्राहामाचेच उदाहरण घेतले. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवल्याचे, आणि त्या विश्वासामुळेच देवाने त्याला नीतिमान गणल्याचे, पंधराव्या अध्यायात सांगितले आहे. सुंतेची आज्ञा मात्र सतराव्या अध्यायात येते. म्हणजे अब्राहाम देवाला मान्य झाला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, मग जे त्याच्या बाबतीत लागले नाही ते त्याच्या पावलावर पाऊल ठेवून येणाऱ्या परकीयांच्या बाबतीत का लागावे, असा रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील त्याचा सवाल आहे. मजूर काम करतो तेव्हा त्याला मिळणारे वेतन हे त्याचे येणे असते, कृपा नव्हे. आणि तारण तर कोणाचेच येणे होऊ शकत नाही, असेही तो तेथे बजावतो.

याच्या उलट नव्या करारातीलच याकोबाचे पत्र. तोही अब्राहामच पुढे आणतो, पण बाविसाव्या अध्यायातला: आपल्या पोटच्या इसहाकाला वेदीवर ठेवावयास सिद्ध झालेला. त्या कृतीनेच अब्राहामाचा विश्वास पूर्ण झाला, म्हणून मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, असे याकोब निःसंदिग्धपणे सांगतो. या पत्रातील एक प्रसंग मला फार हृदयस्पर्शी वाटतो. दाराशी आलेल्या उघड्यानागड्या, उपाशी बंधूला वा भगिनीला ऊब मिळो, पोट भरो अशा शुभेच्छा देऊन पाठवून द्यायचे, आणि वस्त्र वा अन्न मात्र काहीच द्यायचे नाही, असल्या विश्वासाचा उपयोग काय, असे तो विचारतो. आणि देव एक आहे हे तर भुतेही मानतात व थरथर कापतात, असेही ऐकवतो. पौलापुढे उभा होता तो विधीच्या अटी घालून परक्याला दाराबाहेर ठेवणारा कर्मठ. याकोबापुढे उभा होता तो आत येऊन बसलेला आणि शेजाऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरवणारा भाविक. दोघांचे प्रतिपक्षी भिन्न असल्यामुळे त्यांची वाक्ये एकमेकांवर आदळतात, परंतु पौलाने स्वतःच गलतीकरांस लिहिताना प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास हीच खरी गोष्ट मानली आहे, आणि आपल्या प्रवासात त्याने यरुशलेमेतील गरिबांसाठी गावोगाव फिरून निधी गोळा केला आहे. ज्याला कर्माचे वावडे आहे तो असले उपद्व्याप करीत नाही.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला तो वेगळ्या कारणाने. मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी. उपास, जागरणे, पापनिवेदन यांत तो कुठेच कमी पडत नव्हता, आणि तरीही आपण पुरेसे केले का, ही त्याच्या जिवाची तळमळ काही केल्या शमत नव्हती. रोमकरांस पत्राचे मनन करता करता त्याला उमगले, की जे आपण कमावू पाहतो ते देव देऊनच बसला आहे आणि आपण ते विश्वासाने स्वीकारावयाचे आहे. त्याच सुमारास रोममधील संत पीटरच्या मंदिराच्या बांधकामासाठी पापदंडमाफीच्या पत्रांची विक्री चालू होती, तिच्याविरुद्ध त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपली ९५ प्रमेये पुढे मांडली, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. याकोबाच्या पत्राला त्याने १५२२ साली गवती पत्र म्हणून हिणवले. हे त्याने लिहावयास नको होते असे मला वाटते, कारण पुढे ज्यांना विश्वासाच्या नावाखाली आळस हवा होता त्यांच्या हाती त्याने आयताच दाखला दिला. कॅथॉलिक धर्मसभेने ट्रेंट येथे १३ जानेवारी १५४७ रोजी आपला ठराव केला. त्याचे सामान्यतः जे वर्णन केले जाते त्याहून तो कितीतरी सूक्ष्म आहे. मनुष्य स्वतःच्या पुण्याईवर तारण मिळवू शकत नाही, प्रारंभ देवाच्या कृपेनेच होतो, हे त्या सभेने ठणकावून सांगितले. परंतु कृपेने जागे झालेल्या मनुष्याने तिला संमती व सहकार्य दिले पाहिजे, आणि आशा व प्रीती यांवाचूनचा एकटा विश्वास मनुष्याला ख्रिस्ताशी पुरता जोडत नाही, असेही ठरवून केवळ विश्वासाचे मत धर्मबाह्य ठरवले.

म्हणजे कृपा दोन्ही पक्षांना मान्य; मतभेद मनुष्याच्या वाट्याविषयी. हा मतभेद भारतीय वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत वडगलै व तेंगलै असे दोन पंथ याच मुद्द्यावर झाले: माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, मांजरीच्या पिलाला मात्र आई तोंडात उचलून नेते, तेव्हा भक्त कोणत्या पिलासारखा, हा त्यांचा मर्कटन्याय व मार्जारन्याय प्रसिद्धच आहे. ट्रेंटची सभा पहिल्याच्या जवळ आणि ल्यूथर दुसऱ्याच्या, असे स्थूलमानाने म्हणता येईल. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, त्यांनाही कृपेची ही भाषा नव्याने शिकावी लागली नाही.

मराठी भाषेत या दोन्ही बाजू निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या वाटांनी आल्या. ट्रेंटचा ठराव होऊन बत्तीस वर्षे झाली असता, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला आणि १६१६ साली त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रायतूरला छापून निघाले. पोर्तुगीजांचा अंमल चौल-रेवदंड्यापर्यंत होता. तो अंमल जाऊन पावणेतीनशे वर्षे लोटली तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लईत कॅथॉलिक कुटुंबे आजही एक पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. प्रॉटेस्टंट मत आले ते १८१३ साली मुंबईत दाखल झालेल्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर; या मिशनने मुंबईत व कुलाब्याच्या किनाऱ्यावर मराठी शाळा काढल्या आणि त्या शाळांत शिकवण्यास बेने इस्राएल शिक्षक पुढे आले. एकाच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अब्राहामाचे वंशज, ट्रेंटचे अनुयायी आणि ल्यूथरचे वारस असे नांदले. परंतु शाळा, छापखाने आणि पुस्तके यांनी मत पोहोचते; त्याची कसोटी लागते ती माणसाच्या आयुष्यात.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान आणि त्याहून थोर श्रद्धावान. बायकोला व मुलींना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. १८५८ साली गंगामुळाच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेतच गेले: देवळाच्या ओवरीत बसून पुराणे सांगायची, श्रोत्यांनी दिलेल्या धान्यावर निर्वाह करायचा, उरलेले दान करायचे, व्रते पाळायची, पवित्र नद्यांत स्नाने करायची, आणि पुढल्या क्षेत्राची वाट धरायची. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या जीवनाचे जे वर्णन केले आहे, त्यात वडिलांविषयी कडवटपणाचा लवलेश नाही, परंतु एवढे कष्ट, एवढे उपास, एवढे दान करूनही दुष्काळ आला तेव्हा पुण्याचे ते सारे संचित कामास आले नाही, हे सत्य त्या लपवत नाहीत. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, पण शास्त्रांच्या अभ्यासात त्यांना आढळले ते हे, की मोक्षाच्या मार्गावर स्त्रीला व शूद्राला स्वतंत्र अधिकारच ठेवलेला नाही. स्त्रीने पतिसेवा करावी आणि पुढल्या जन्मी पुरुषदेह मिळण्याची वाट पाहावी. विद्वत्तेने मिळवलेल्या सर्व सनदा हाती असूनही मुख्य दार आपल्याला बंदच आहे, ही जाणीव एका विदुषीला काय वेदना देत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात राहिल्या. तेथील भगिनींनी त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथे आपल्या संघाचे एक काम पाहण्यास पाठवले. वाममार्गाला लागलेल्या व समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जात होता, आणि त्यांच्यापैकीच काही स्त्रिया सुधारून आजाऱ्यांची व दुःखितांची शुश्रूषा करताना रमाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. पतित स्त्रीबद्दल असा कळवळा त्यांनी आपल्याकडे कुठेच पाहिला नव्हता. या लोकांना ही दया कोठून सुचते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. भर दुपारी एकटीच विहिरीवर येणाऱ्या, पाच नवरे होऊन गेलेल्या त्या बाईशी येशू आदराने बोलला, तिच्याकडून पाणी मागितले आणि तिला जीवनाच्या पाण्याची ओळख करून दिली, ही ती कथा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: रमाबाईंना ख्रिस्ताकडे नेले ते एका सत्कर्माने. सिद्धांत नंतर आला. प्रथम दिसली ती रोग्याच्या उशाशी बसलेली बाई. याकोबाचे म्हणणे असे की आपला विश्वास आपण कर्मावाचून दाखवूच शकत नाही, आणि रमाबाईंना तो दाखवला गेला होता.

पण कथा येथे संपत नाही, आणि माझ्या मते तिचा अधिक महत्त्वाचा भाग पुढेच आहे. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंच्या मनाला स्वास्थ्य नव्हते. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद केले, त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर शंका काढल्या, आणि कोणत्या एका पंथाचे मत मुकाट्याने घ्यावयास नकार दिला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले, विधवांच्या शिक्षणासाठी दिवसरात्र खपल्या. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही, अशा आशयाची खंत त्यांनी आपल्या साक्षीत नोंदवली आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'फ्रॉम डेथ इंटू लाइफ' हे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा हॅस्लम म्हणजे कॉर्नवॉलमधला एक निष्ठावान पाद्री, ज्याने चर्च बांधले, विधी चोख केले, आणि १८५१ साली व्यासपीठावर प्रवचन देत असतानाच ज्याला कळून आले की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपण स्वतः कधी स्वीकारलेच नाही. रमाबाईंना त्या पुस्तकात आपलेच चित्र दिसले. त्यानंतर त्यांना जे गवसले ते पौलाचे मत: तारण हे बिनशर्त दान आहे. जातीची अट नाही, लिंगाची नाही, विद्येची नाही, तीर्थाटनाची नाही, व्रतांची नाही. ज्या ब्राह्मणकुलात आपल्याला कसलीच आशा ठेवलेली नव्हती, त्यात जन्मलेल्या हिंदी स्त्रीला ही केवढी आनंदाची वार्ता, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले आहेत.

केवळ विश्वासाच्या मतावर नेहमी असा आक्षेप घेतला जातो, की ते श्रीमंताच्या सोयीचे आहे, त्यात काही करावे लागत नाही. रमाबाईंच्या ठिकाणी उभे राहून पाहिले म्हणजे ते कोणाच्या सोयीचे आहे हे कळते. ज्याच्यापाशी पुण्य करण्यास पैसा नाही, वेद म्हणण्याचा अधिकार नाही, यात्रेस जाण्यास पायांत बळ नाही, त्याच्यासाठी कर्माची प्रत्येक अट ही एक बंद दरवाजा असते. सुंतेची अट ग्रीक विणकराला जशी आडवी आली, तशीच पुण्यसंचयाची अट या देशातील विधवेला आडवी येत होती. पौलाचा आग्रह मूळचा अशा माणसांसाठी होता, आणि त्यामुळे तो मला आजही न्याय्य वाटतो.

आणि आता कर्मांकडे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील मुली भुकेने मरत आहेत व दलालांच्या हाती सापडत आहेत असे कळताच, एकेकाळी स्वतः दुष्काळात अनवाणी फिरलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा अंमल आणि सरकारी निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत झोपड्या व तंबू उभारून त्यांना ठेवले. विहिरी खणल्या, शेती केली, १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी मुली आल्या आणि सदनातील माणसांचा आकडा हजारावर गेला. हातमाग, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी स्पर्शलिपीचे शिक्षण, वृद्धांसाठी प्रीतिसदन. आणि पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी निराळे कृपासदन. फुलहॅमला जे पाहिले तेच येथे उभे राहिले, फक्त कैकपटीने मोठे. तारणासाठी मनुष्याने काहीही करावयाचे शिल्लक नाही असे मनापासून मानणाऱ्या स्त्रीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात क्वचितच कोणी एकट्याने केले असेल इतके काम केले. पुण्य जमा करण्याची काळजी मिटल्यामुळेच तिचे हात मोकळे झाले, असे मी समजतो. अनंतशास्त्र्यांचे कुटुंब दान करीत होते ते स्वतःच्या मोक्षाच्या हिशेबात. मुक्तिसदनात मुलीला भाकर मिळाली ती तिला भूक लागली होती म्हणून.

अर्थात विश्वासाचा उच्चार करून स्वस्थ बसणारे लोक सर्व पंथांत असतात, आणि ल्यूथरच्याच देशातील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात स्वस्त कृपा म्हणून जिचा निषेध केला ती हीच वृत्ती होय. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आली, तेव्हा आपल्या मताची किंमत त्याने स्वतः भरली होती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दिवशी राजा जे विचारतो, त्यात भुकेल्याला अन्न दिले का, कैद्याला भेटलात का, एवढेच आहे, हे कोणत्याही पंथाला टाळता येत नाही. दुसऱ्या बाजूला, वधस्तंभावर येशूच्या शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला सत्कर्म करण्यास घटकाभरही वेळ मिळाला नाही, आणि तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन मिळाले, हे लूकाचे वृत्तही कोणाला टाळता येत नाही.

हे दोन्ही एकत्र धरता येते, हे चर्चांनी अधिकृतपणे मान्य करावयास पावणेपाचशे वर्षे लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथॉलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्याच्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने, आपण देवाला मान्य होतो आणि सत्कर्मांसाठी पाचारण केले जातो, असा त्याचा आशय. सोळाव्या शतकात परस्परांवर उच्चारलेले बहिष्कार या घोषणेतील शिकवणीस लागू नाहीत असेही त्यात नमूद आहे. २००६ साली मेथडिस्टांनी त्यास संमती दिली. सत्कर्मांना देवापाशी फलाचे काही मोल आहे काय, यावरील मतभेद अजून पुरता मिटलेला नाही, आणि तो मिटला असे भासवण्याची घाई त्या दस्तऐवजाने केलेली नाही, हे मला त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

पनवेलसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला मात्र शेवटी याहून निकडीचा एक प्रश्न पडतो. विश्वास पुरेसा असेलही. पण ज्याने ख्रिस्ताचे नाव कधी ऐकले नाही, किंवा ऐकले पण आपल्याच धर्मात राहून आयुष्यभर निष्ठेने देव शोधला, त्याचे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली असे जाहीर केले, की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही, परंतु जे सरळ मनाने देवाचा शोध घेतात व सद्‌विवेकाप्रमाणे वागण्याचा यत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकते. पुष्कळ प्रॉटेस्टंट हे मान्य करीत नाहीत. रमाबाईंनी या विषयावर सिद्धांत मांडला नाही, पण वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग सांगताना त्यांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. दुष्काळात देह सोडण्यापूर्वी अनंतशास्त्र्यांनी आपल्या सर्वांत धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि तुला देवाच्या हाती सोपवले आहे, त्याचीच होऊन राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर, असे सांगितले. बिनशर्त तारणावर ज्यांचा इतका कडक विश्वास, त्या रमाबाई, ख्रिस्ती होऊन कित्येक वर्षे उलटल्यावर, निःशंकपणे लिहितात की त्या वृद्ध हिंदूची प्रार्थना, ज्या दयाळू पित्याला तो ओळखत नव्हता, त्याने ऐकली.